पापाचे वाटेकरी

६ मे २०२१ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं युगांडाच्या डॉमिनिक ओंग्वेनला पंचवीस वर्षांची कैद ठोठावली. फेब्रुवारीतच त्याच्यावरचे एकसष्ट आरोप सिद्ध झाले होते. खून, छळ, गुलामगिरी, बलात्कार, सक्तीचं लग्न, सक्तीचं गरोदरपण आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना पळवून नेऊन लढायला लावणं, अशी ती यादी. यातला शेवटचा गुन्हा ओंग्वेननं करण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावरच झाला होता. १९८७ साली, सुमारे नऊ वर्षांचा असताना, शाळेच्या वाटेवरून त्याला ‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’च्या बंडखोरांनी उचललं. जानेवारी २०१५ मध्ये तो शरण आला, तेव्हा त्या सैन्याचा नावाजलेला सेनानी होता.

शिक्षा किती असावी यावर तीन बाजूंनी तीन आकडे मांडले गेले. त्याच्या वकिलांनी दहा वर्षं मागितली, अभियोग पक्षानं किमान वीस, आणि बळी पडलेल्यांच्या वकिलांनी जन्मठेप. न्यायाधीशांनी त्याचं हरवलेलं बालपण विचारात घेऊन शिक्षा कमी केली. पण त्या बालपणामुळे तो निर्दोष ठरतो, हे मात्र मानलं नाही. धमकीखाली केलं, मन ठिकाणावर नव्हतं, हे दोन्ही बचाव फेटाळले गेले. कायद्याच्या दृष्टीनं निकाल चोख आहे. ओंग्वेनवर ठेवलेले आरोप २००२ ते २००५ या काळातले होते, तेव्हा तो पुरता सज्ञान होता. त्या न्यायालयाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या कुणावर खटलाच चालवता येत नाही.

मग प्रश्न उरतो तो अठराव्या वाढदिवसाचा. आदल्या रात्रीपर्यंत जो केवळ बळी होता, तो सकाळी उठल्यावर गुन्हेगार कसा होतो? आणि सतराव्या वर्षी ज्यानं कुणाचा जीव घेतला, त्याला ‘तुझा काही दोष नाही’ असं सांगितल्यानं त्याची रात्रीची झोप परत येते का?

वयाची ही रेघ ओढण्याचा खटाटोप नवा नाही. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट आहे. चोरीच्या खोट्या आळापायी सुळावर चढवलेले मांडव्य यमाला जाब विचारतात, कुठल्या पापाची ही शिक्षा? यम सांगतो, लहानपणी तुम्ही किड्यांना काडी टोचली होतीत. मांडव्य संतापतात. अजाण वयातल्या चुकीला एवढा दंड देणाऱ्या यमालाच ते शाप देतात आणि मर्यादा घालून देतात की चौदा वर्षांपर्यंत हातून घडलेलं पाप म्हणून मोजलं जाणार नाही. त्या शापामुळे यम विदुर होऊन जन्मला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मर्यादेची गोष्ट मात्र बहुतेकजण विसरतात.

धर्मशास्त्रकारांनी याच्या पुढचा विचार केला. सोळा वर्षांखालच्याला प्रायश्चित्त अर्धं, असं स्मृतिवचन आहे. त्याहून विलक्षण वचन पाच ते अकरा वर्षांच्या मुलाबद्दलचं आहे. त्याच्या हातून पातक घडलं, तर त्याच्या वतीनं भावानं, बापानं किंवा अन्य आप्तानं प्रायश्चित्त घ्यावं. याच शास्त्रांनी वर्णावर आणि लिंगावर बेतलेली विषमता केली, ती काही लपवायची गोष्ट नव्हे. तरी या एका वचनात एक शहाणपण आहे. मूल निरपराध आहे असं म्हणून ते थांबत नाही. पाप घडलं आहे, ते फेडायचं आहे, पण ते मुलाच्या एकट्याच्या डोक्यावर नाही, असं ते सांगतं.

उत्तर युगांडातल्या अचोली लोकांनी हे वचन ऐकलेलं असण्याचं कारण नाही. पण गेली तीस-पस्तीस वर्षं ते याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

‘लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी’चा म्होरक्या जोसेफ कोनी याचं बंड १९८७ च्या सुमारास सुरू झालं. दहा आज्ञांवर चालणारं राज्य आणायचं असं तो सांगे. त्याच्या सैन्यात स्वखुशीनं येणारे थोडे होते, म्हणून त्यानं मुलं पळवली. अंदाज वेगवेगळे आहेत, पण कमीत कमी धरला तरी आकडा वीस हजारांच्या वर जातो. तरुणांना धरलं तर तो आणखी बराच वाढतो. ऑक्टोबर १९९६ मध्ये अबोके गावच्या मुलींच्या शाळेतून एका रात्रीत १३९ मुली नेल्या. शाळेच्या उपमुख्याध्यापिका सिस्टर रकेले फासेरा या इटालियन जोगीण बंडखोरांच्या मागोमाग जंगलात चालत गेल्या आणि त्यांनी १०९ मुली परत आणल्या. तीस मुली तिथेच राहिल्या. पुढे अशी वेळ आली की गुलू शहराच्या आसपासच्या खेड्यांतली हजारो मुलं रोज संध्याकाळी पायी शहरात येत, दुकानांच्या पडव्यांत आणि मिशनच्या आवारांत झोपत आणि पहाटे परत जात. घरी झोपलं तर उचलून नेतील, एवढंच कारण.

नेलेल्या मुलांना बंदूक चालवायला शिकवण्याआधी बरंच काही शिकवलं जाई. पळून जाताना सापडलेल्या एखाद्या मुलाला मध्ये ठेवून बाकीच्यांना काठ्यांनी मारायला लावत. काहींना स्वतःच्या गावातल्या माणसावर हात उचलायला लावला गेला, काहींना नातलगावर. त्यामागचा हिशेब सरळ होता. ज्यानं हे केलं त्याला घराची वाट बंद होते. आई दार उघडणार नाही ही भीती कुठल्याही साखळदंडापेक्षा जास्त धरून ठेवते. सगळ्यांनाच खून करावे लागले असं नाही; बरेचजण काही दिवसांत किंवा आठवड्यांत निसटले. पण ज्यांच्या हातून रक्त सांडलं, त्यांची घरवापसी ही वेगळीच कहाणी होती.

अचोली माणसाच्या समजुतीप्रमाणे अन्यायानं मारला गेलेला माणूस जात नाही. त्याचा ‘चेन’, म्हणजे सूड मागणारा आत्मा, मारणाऱ्याच्या मागे लागतो. तो स्वप्नात येतो, दिवसाढवळ्या दिसतो, आवाज देतो, आजारपण आणतो. आणि तो एका माणसापुरता थांबत नाही, घराला लागतो, कुळाला लागतो. दवाखान्यातला डॉक्टर याच लक्षणांना आघातोत्तर ताणविकार म्हणेल. दोन्ही वर्णनं एकाच त्रासाची आहेत असं मानायला हरकत नाही, पण त्यांच्यात एक मोठा फरक आहे. डॉक्टरांच्या वर्णनात त्रास देणारी आठवण रुग्णाच्या डोक्यात असते. अचोलींच्या वर्णनात मेलेला माणूस अजून हजर असतो आणि त्याचं काही देणं बाकी असतं.

मानववंशशास्त्रज्ञ हायके बेहरेंड यांनी या युद्धाच्या मुळाशी जाताना एक धागा पकडला आहे. १९८६ मध्ये युगांडात सत्तापालट झाला आणि पराभूत सैन्यातले अचोली शिपाई दक्षिणेतून गावी परतले. लुवेरो भागात त्यांनी साध्या लोकांचे जीव घेतलेले होते. त्यांची शुद्धी झाली नाही, वडीलधाऱ्यांचं ऐकायला ते तयार नव्हते आणि गावात जे जे वाईट घडेल ते यांच्यामागून आलेल्या ‘चेन’मुळे, असं लोक म्हणू लागले. अशा अस्वस्थ शिपायांना पावन करण्याचं आश्वासन देत अ‍ॅलिस लाक्वेना ही बाई उभी राहिली, तिनं ‘पवित्र आत्म्या’चं सैन्य काढलं. ते हरलं आणि त्याच मातीतून कोनी आला. युद्धाची राजकीय कारणं अर्थातच होती. तरीही मारून आलेल्यांना घरात घेण्याचा मार्ग बंद पडला आणि त्यातून पुढचं मारणं सुरू झालं, ही साखळी विसरण्याजोगी नाही.

मुलं परतू लागल्यावर अचोली वडीलधाऱ्यांनी जुने विधी पुन्हा बाहेर काढले. सर्वांत साधा विधी अंड्याचा. घरच्या उंबऱ्याशी किंवा वाटेवर एक कच्चं अंडं ठेवतात. सोबत ओपोबो झाडाची फांदी असते. तिचा रस साबणासारखा बुळबुळीत, म्हणून ती मळ धुण्याची खूण. धान्याची कणगी उघडायची काठीही तिथे ठेवतात, म्हणजे आता या घरचं अन्न तुझं. परतलेला मुलगा किंवा मुलगी अंड्यावर पाय देऊन ते फोडते आणि आत येते. अंडंच का? तर त्याला तोंड नाही, ते कुणाची निंदा करू शकत नाही. बाहेर काय काय केलंस हे कुणी तिथे विचारत नाही.

हत्येसाठी हा विधी पुरत नाही. त्यासाठी ‘मातो ओपुत’. एका कुळाच्या माणसानं दुसऱ्या कुळाचा माणूस मारला, की दोन कुळांमधला रोटीबेटी व्यवहार थांबतो; पाणीसुद्धा एकत्र पीत नाहीत. मग मध्यस्थ ये-जा करतात. कधी महिने जातात, कधी वर्षं. कोण मेला, कुणी मारला, कसं घडलं, हे कबूल व्हावं लागतं. भरपाई ठरते आणि ती मारणारा एकटा देत नाही, सगळं कूळ वर्गणी काढून देतं. जुन्या काळी या भरपाईतून मृताच्या घरी लग्न लावून देत, म्हणजे गेलेल्याच्या नावानं नवं मूल जन्मावं. शेवटी ओपुत झाडाचं कडू मूळ कुटून त्याचा रस एका तुंब्यात कालवतात. दोन्ही बाजूंचे लोक गुडघ्यांवर बसून, हात पाठीमागे ठेवून, डोक्याला डोकं लावून तो पितात. नंतर एकत्र जेवतात.

मराठी वाचकाला इथे वाल्याची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. रांजणात खडे टाकत खुनांची मोजदाद ठेवणारा वाल्या नारदांच्या सांगण्यावरून घरी जातो आणि बायकोमुलांना विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी का? सगळे नाही म्हणतात. आपल्या कीर्तनकारांनी शतकानुशतकं यातून एकच बोध काढला: ज्याचं कर्म त्याच्या माथी, जगात कुणी कुणाचं नाही. तेव्हापासून वाल्या एकटा, वारुळात. अचोली कुळानं त्याच प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. आमच्या पोरानं केलं, म्हणून ते आमचं. हे उत्तर नैतिकदृष्ट्या कमी दर्जाचं आहे असं समजायचं कारण नाही. वाल्यानं तरी आपल्या मर्जीनं वाट अडवली होती आणि त्या लुटीवर घर जेवलं होतं. नऊ वर्षांच्या पोराला ना मर्जी होती, ना लूट मिळाली.

एवढ्यावर थांबलं तर चित्र गोंडस होईल. २००५ मध्ये हेगच्या न्यायालयानं कोनी आणि त्याच्या चार सहकाऱ्यांविरुद्ध अटक वॉरंट जाहीर केली, तेव्हा ‘पाश्चात्त्यांची शिक्षा विरुद्ध आफ्रिकेची क्षमा’ असा सामना रंगवला गेला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे टिम अ‍ॅलन यांनी या चित्राला टाचणी लावली. परदेशी देणगीदारांच्या पैशावर जुने विधी साचेबद्ध केले जात आहेत, आणि न्यायालयात शिक्षा व्हावी असं वाटणारे अचोलीही पुष्कळ आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. शिवाय ‘मातो ओपुत’ला मृताचं कूळ माहीत असावं लागतं. रात्री रानातून चालताना ज्याच्या डोक्यात काठी घातली त्याचं नाव कुठलं, गाव कुठलं? बार्लोन्यो इथे २००४ मध्ये शेकडो विस्थापित मारले गेले ते लांगी समाजाचे. पुढे कोनीची टोळी काँगोत गेली आणि तिथे ज्यांना मारलं त्यांचा अचोली विधींशी काडीचा संबंध नव्हता. दोन कुळांतल्या भांडणासाठी बेतलेला विधी एवढ्या कत्तलींचा भार पेलणार नव्हता.

आणि बायका? ज्या मुली जबरदस्तीनं सेनानींच्या ‘बायका’ झाल्या आणि कडेवर मूल घेऊन परतल्या, त्यांच्यासाठी अंडं फोडून प्रश्न संपला नाही. अचोली समाजात कूळ आणि जमीन बापाकडून येते. बाप बंडखोर, कुठल्या कुळाचा हे सांगणं नको किंवा माहीतच नाही, मग पोराला जमीन कोण देणार? आजोळची माणसं मुलीला घेतात, नातवाला घेताना हात आखडतात. जेमतेम अकरा वर्षांची असताना पळवली गेलेली आणि कोनीचीच बायको बनवली गेलेली एव्हलिन अमोनी हिनं पुढे आत्मकथन लिहिलं आणि अशा स्त्रियांची संघटना उभी केली. त्या स्त्रियांची मागणी क्षमेची नाही. मुलांना कूळ मिळावं, शाळेची फी मिळावी, सरकारनं आपली चूक मान्य करावी, ही आहे. कुळानं पापाचा वाटा घेतला, पण बाईच्या वाट्याचा घेताना ते कचरलं, असाच याचा अर्थ.

मानसोपचाराची वाट याला समांतर चालली. जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाच्या गटानं उत्तर युगांडाच्या विस्थापितांच्या छावण्यांत ८५ माजी बालसैनिकांवर एक अभ्यास केला. तो २०११ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. आठ बैठका, त्याही छावणीतल्या घरी. पद्धत अशी: जमिनीवर दोरी पसरायची, ती म्हणजे जन्मापासूनचं आयुष्य. चांगल्या प्रसंगाच्या जागी फूल, वाईटाच्या जागी दगड. मग एकेका दगडाशी थांबून तो प्रसंग अथपासून इतिपर्यंत सांगायचा. वर्षभरानं पाहिलं तर ज्यांनी हे केलं त्यांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झालेला होता. हे संशोधक पुढे काँगोतल्या माजी लढवय्यांबरोबर काम करू लागले, तेव्हा दोरीवर तिसरी वस्तू आली: काठी. फूल आणि दगड यांच्याबरोबर आता आपण केलेल्या हिंसेची खूणही ठेवायची. कारण एक अवघड गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. मारताना काहींना नुसती भीती वाटलेली नसते, चेव चढलेला असतो. मजाही आलेली असते. हे सांगायला जागा मिळाली नाही, तर उपचार अर्धवट राहतो.

नेमकं हेच ऐकायला बाहेरचं जग कचरतं. मदतसंस्थांच्या पोस्टरवरचं मूल डोळे मोठे करून पाहणारं, निष्पाप असतं. २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी अशा मुलांना प्रामुख्यानं बळी मानावं असं सांगितलं, ते योग्यच झालं. नाहीतर कुठल्याही सरकारनं त्यांना तुरुंगात डांबलं असतं. युगांडाच्या २००० सालच्या माफी कायद्यात तर बारा वर्षांवरच्या मुलांनाही अर्ज करून, बंड सोडल्याचं सांगून माफीचा कागद घ्यावा लागे. पळवून नेलेल्या पोरानं कशाबद्दल माफी मागायची, हा प्रश्न कायद्याला पडला नाही.

पण निष्पापपणाची भाषा घरी वेगळी ऐकू येते. सिएरा लिओनच्या यादवी युद्धानंतर तिथल्या माजी बालसैनिकांबाबत संशोधक सुझन शेप्लर यांनी पाहिलं, की संस्थांनी शिकवलेलं ‘माझा दोष नव्हता’ हे वाक्य मुलं पाहुण्यांसमोर सफाईनं म्हणत आणि गावात परतल्यावर ते उपयोगी पडत नसे. शेजाऱ्यांना दोष कुणाचा यापेक्षा हा पोरगा आता मोठ्यांचं ऐकतो का, पाणी भरतो का, शाळेत जातो का, हे पाहायचं असे. त्याच देशात संशोधक थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून पाचशेहून अधिक युद्धग्रस्त मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांनी कुणाला मारलं किंवा जखमी केलं होतं, त्यांच्या मनातला कडवटपणा काळ गेला तरी कमी होत नव्हता, उलट वाढत होता. आणि ज्यांना घरानं, गावानं सामावून घेतलं, ते पुष्कळ सावरले. पोराचं पुढे काय होणार हे जंगलातल्या दिवसांनी जेवढं ठरलं, तेवढंच गावात शेजाऱ्यांनी त्याला काय म्हणून हाक मारली यानंही ठरलं.

बौद्ध वाङ्मयातली अंगुलिमालाची कथा या ठिकाणी जितकी जवळ येते तितकी दुसरी कुठली येत नाही. अट्ठकथेत, म्हणजे पाली टीकाग्रंथात, तो मुळात अहिंसक नावाचा तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी आहे. गुरूच दक्षिणा म्हणून त्याच्याकडे हजार बोटं मागतो. ज्याच्यावर भरवसा ठेवला त्यानंच ढकलल्यावर कोवळं पोर कुठवर जातं, हे त्या कथाकाराला पक्कं ठाऊक होतं. पुढे बुद्ध भेटतात, तो भिक्षू होतो. एकदा एक स्त्री प्रसूतीत अडलेली पाहून तो कळवळतो. बुद्ध त्याला सांगतात, जन्मापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतला नाही, या सत्यानं तुझं भलं होवो, असं तिला म्हण. अंगुलिमाल म्हणतो, हे खोटं होईल. मग बुद्ध शब्द बदलून देतात: आर्यजन्म झाल्यापासून, म्हणजे भिक्षू झाल्यापासून. ‘तुझा दोष नव्हता’ हे वाक्य काही मुलांच्या घशाखाली का उतरत नाही, याचं उत्तर या एका दुरुस्तीत आहे. त्यांना ते खोटं वाटतं. खरं आणि तरीही आशीर्वाद ठरेल असं वाक्य शोधावं लागतं.

अंगुलिमालाची कथा तिथे संपत नाही. तो भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याला दगड मारतात. भिक्षापात्र फुटलेलं, चीवर फाटलेलं, डोकं रक्तानं माखलेलं अशा स्थितीत तो परततो. बुद्ध लोकांना दोष देत नाहीत, त्याला सहन कर म्हणतात. ज्यांची माणसं मेली, त्यांच्या रागालाही त्या कथेत जागा आहे. पुनर्वसनाच्या योजनांमध्ये ती सहसा नसते. परतलेल्याला गादी, घोंगडी, कुदळ, बियाणं आणि थोडी रोकड मिळते, आणि ज्याचं घर जाळलं गेलं तो शेजारी कुंपणापलीकडून पाहत राहतो.

सगळं बोलूनच बरं होतं असंही नाही. मोझांबिकच्या युद्धानंतर मानववंशशास्त्रज्ञ अल्सिंदा होनवाना यांनी नोंदवलेल्या एका विधीत परतलेल्या मुलाला छावणीतल्या कपड्यांनिशी गवताच्या झोपडीत नेतात, झोपडी पेटवतात, नातलग त्याला बाहेर काढतो आणि कपडे आत जळून जातात. मग औषधी वनस्पतींची धुरी आणि स्नान. जे झालं त्याबद्दल अवाक्षर नाही. तिथल्याच मापुतोच्या लांगेन पुनर्वसन केंद्रात १९८८ मध्ये आलेल्या ३९ मुलांचा नील बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षं मागोवा घेतला. बहुतेक मुलं संसाराला लागली, कामाला लागली. काहींना आठवणी छळतच राहिल्या. त्यांना उभं करण्यात या विधींचा हात होता, असं त्या संशोधकांनी नोंदवलं. दोरीवरचा दगड आणि जळणारी झोपडी यांत निवड करायची घाई पंडितांना असते. मुलांनी दोन्ही वापरले. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. तिथे कुणीतरी मोठं माणूस शेजारी असतं.

क्षमेबद्दल बोलायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न धर्मचिंतनात जुना आहे. खून झालेला माणूस क्षमा करायला उरत नाही आणि त्याच्या वतीनं दुसऱ्यानं केलेली क्षमा ही उधारीवरची असते. कितगुमचे निवृत्त अँग्लिकन बिशप मॅक्लिऑर्ड बेकर ओचोला यांच्या बाबतीत हा आक्षेप घेता येत नाही. बलात्कारानंतर त्यांच्या मुलीनं जीव दिला होता. १९९७ मध्ये त्यांची पत्नी भूसुरुंगाच्या स्फोटात गेली. त्यानंतरही ते अचोली धर्मगुरूंच्या शांतता मंचातून कॅथलिक आणि मुस्लिम सहकाऱ्यांबरोबर माफी कायद्यासाठी झगडत राहिले, आणि हेगच्या वॉरंटला त्यांनी उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं मान्य नसलेल्यांनाही ते ऐकावं लागतं. पण ओचोलांनी जे केलं ते त्यांनी स्वतःहून केलं. तेच ओंग्वेनच्या माणसांनी हल्ला केलेल्या लुकोडी छावणीतल्या प्रत्येक विधवेकडून अपेक्षित धरणं ही जबरदस्ती होईल. ओंग्वेनच्या शिक्षेच्या वेळी त्याच्या वकिलांनी पारंपरिक न्यायाचा पर्याय सुचवला होता. तुरुंगवासाच्या जागी असा विधी ठेवण्याची सोय कायद्यात नाही आणि बळींमध्येही त्याला व्यापक पाठिंबा नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. त्यांचं बरोबर होतं.

हे सगळं युगांडाचं म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. माओवादी गट मुलांची भरती करतात, हा उल्लेख संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत वर्षानुवर्षं येत राहिला. गडचिरोलीत आत्मसमर्पण केलेल्यांमध्ये कोवळ्या वयात दलमवाल्यांबरोबर गेलेलेही आहेत. त्यांच्यासाठी सरकारी योजना आहे, रक्कम आहे, घरकुल आहे. खबऱ्या ठरवून ज्यांच्या बापाला मारलं, तेही त्याच तालुक्यांत राहतात. या दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं, हे ठरवायला कुठलाही शासननिर्णय पुरणार नाही. ते काम गावांनाच करावं लागेल, आणि गावांना त्यासाठी वेळ, माणसं आणि पैसा द्यावा लागेल.

कारण वाटा कुणी घ्यायचा, हाच शेवटी कळीचा मुद्दा आहे. अचोली कुळांनी तो घेतला, अपुरा का होईना. युगांडाच्या सरकारनं दहा लाखांहून जास्त लोकांना छावण्यांत कोंबलं, तिथे त्यांचं रक्षण केलं नाही, आणि कोनीकडून सुटून आलेल्यांपैकी काहींना पुन्हा वर्दी चढवून आपल्याच पलटणीत घेतलं. त्या सरकारातल्या कुणाला हेगच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं नाही. सुदाननं कोनीला वर्षानुवर्षं शस्त्रं पुरवली. त्याचाही हिशेब झाला नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच न्यायालयानं ओंग्वेनच्या प्रकरणात भरपाईचा आदेश दिला. सुमारे पन्नास हजार बळी, एकूण पाच कोटी चोवीस लाख युरोंहून अधिक रक्कम, आणि प्रत्येकाला प्रतीकात्मक म्हणून ७५० युरो. बळींच्या यादीत माजी बालसैनिकही आहेत. देणेकरी आहे ओंग्वेन, शाळेच्या वाटेवरून उचललेला. आज तो नॉर्वेच्या तुरुंगात आहे आणि त्याच्याकडे दमडी नाही. म्हणून ही रक्कम न्यायालयाच्या विश्वस्त निधीनं देणग्यांतून उभी करायची आहे आणि न्यायालयानं त्यासाठी देशोदेशींच्या सरकारांना आवाहन केलं आहे.